शिफ्टच्या घरात दोघांची प्रार्थना कशी बसवायची?

चाकण_तिसरीपाळी

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

लग्नाला आठ महिने झाले. आम्ही दोघंही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. मी नगर जिल्ह्यातला, बायकोचं माहेर जालन्याचं. सध्या मोशीत भाड्याने राहतो. माझी पाळी दर आठवड्याला फिरते: पहिली ७ ते ३:३०, दुसरी ३:३० ते रात्री १२, तिसरी १२ ते सकाळी ७. कंपनीची बस धरून जायला एक तास, यायला एक तास. बायको खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिची सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, नाईट रात्री ८ ते सकाळी ८. हॉस्पिटल पाऊण तासावर. तिची ड्युटीलिस्ट दर शनिवारी लागते.

१) लग्नाच्या वेळी पाळक साहेबांनी सांगितलं होतं, रोज सकाळी ६ ला दोघांनी मिळून उपासना करा. पण सहाला दोघं घरात, तेही जागे, असं आठवड्यातून एखाद्याच दिवशी होतं.

२) वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता आहे. तो लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकलाय. मागे राहिलेलं आधी भरून काढायचं की सोडून द्यायचं?

३) वाचन झालं की मी अर्थ सांगतो, तो तिला उपदेश वाटतो. मग प्रार्थनेचाच वाद होतो.

४) पैसे. हातात माझे ३१,००० आणि तिचे २७,०००. भाडं १३,०००, माझ्या घरी ८,०००, तिच्या घरी ४,०००, गाडीचा हप्ता ३,४००, किराणा-दूध-गॅस-वीज ११,०००, प्रवास ४,०००, दोन्ही फोन १,०००. दशमांश (देवासाठी दहावा भाग) कशावर काढायचा? पूर्ण पगारावर, हातात येतो त्यावर, की घरी पाठवलेले वजा करून?

शिवाय तिला महिन्यातले दोन रविवार ड्युटी असते. तेव्हा मी एकट्याने उपासनेला जावं का?

कृपया साक्षी (विश्वासाचे अनुभव) नकोत, त्या तरुण संघात भरपूर ऐकल्यात. करायचं काय आणि कसं, तेवढं सांगा.

---

नगरकर_उपासक

सलाम भाऊ. आधी सहाचं ओझं उतरवा. पहाटेची घरची उपासना शेतीच्या आणि मिशन कंपाउंडच्या दिनक्रमात बसत होती, कारण तिथे सगळं घर एकाच वेळी उठायचं. शास्त्रात अशी एकच वेळ नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०), स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार म्हणतो (स्तोत्र ५५:१७), पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते (प्रे. कृत्ये १६:२५). पाळक साहेबांचा हेतू चांगलाच असणार, फक्त त्यांच्यासमोर तुमची ड्युटीलिस्ट नव्हती.

तेव्हा घड्याळाची वेळ न धरता पाळीची जोडी धरा. तुम्ही दिलेल्या वेळांवरून हे निघतं:

तुमची पहिली असेल तर तिची सकाळ असो की दुपार, रात्री सव्वानऊला दोघं घरात असता. जेवणाआधी बसा. जेवणानंतर बसलात तर तुमची झापड वाचनात येते, कारण तुम्ही पहाटे पाचचे उठलेले असता. तिची नाईट असेल तर ती सव्वासातला निघणार, म्हणून संध्याकाळी साडेपाच-सहाचा चहा.

तुमची दुसरी आणि तिची दुपार: दोघांची सकाळ मोकळी, ९ वाजता. हा सगळ्यात चांगला आठवडा, मोठं वाचन यात घ्या. तुमची दुसरी आणि तिची नाईट: ती पावणेनऊला दमून येते, तेव्हा नाश्त्यासोबत फक्त दहा मिनिटं, मग तिला झोपू द्या.

तुमची तिसरी: तुम्ही आठला येता आणि झोपता. तिची सकाळ असेल तर रात्री ८, दुपार असेल तर ती पावणेनऊला येते आणि तुम्ही अकराला निघता, म्हणून ९. दोघांचीही नाईट असेल तर संध्याकाळी ५.

खरी अडचण एकाच जोडीची आहे: तुमची दुसरी आणि तिची सकाळ. तुम्ही अडीचला बाहेर पडता, ती पावणेतीनला घरात येते. तुम्ही रात्री एकला येता तेव्हा ती झोपलेली असते आणि ती सातनंतर निघते तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता. या आठवड्यात एकत्र बसणं होणार नाही, हे आधीच कबूल करा. रात्री एक वाजता उठवून प्रार्थना करायला लावणं ही भक्ती नव्हे. त्याऐवजी दोघांनी एकच छोटं स्तोत्र आपापल्या वेळेला वाचायचं आणि दीड मिनिटाच्या आत एक आवाजी निरोप पाठवायचा: एक उपकारस्तुती, एक विनंती. दुसऱ्याने त्या विनंतीवर प्रार्थना करून नुसतं 'आमेन' लिहायचं. निरोपात अर्थ सांगायचा नाही.

त्या आठवड्यासाठी स्तोत्रे १२० ते १३४ घ्या. यात्रेकरू यरुशलेमेला चढून जाताना म्हणायचे ती ही पंधरा आरोहणाची स्तोत्रं. १३२ वं सोडलं तर एकही ९ वचनांपेक्षा मोठं नाही. १२१ झोप न घेणाऱ्या राखणदाराविषयी आहे, १२७ च्या दुसऱ्या वचनात पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबण्याचा विषय आहे आणि १३४ तर रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहणाऱ्यांसाठीच आहे. पाळीवाल्या घरासाठी मुद्दाम निवडावीत अशी.

आता तक्ता. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० जानेवारीत उरकतात, आणि महिनाअखेरीला लेवीय समोर येतं. लेवीय २७, पाठोपाठ गणना ३६, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे अर्पणं, शुद्धाशुद्ध आणि शिरगणती. पुष्कळ तक्ते इथेच बसकण मारतात. चार दिवस चुकले की तेरा अध्याय चढतात, मग वाचन म्हणजे उधारी फेडणं होतं. मागचं भरून काढू नका. वर्षाचा तक्ता एकट्याने वाचायला ठीक आहे, दोघांनी मिळून वाचायला नाही.

दोघांसाठी मार्क घ्या. १६ अध्याय, पावणेसातशेच्या आसपास वचनं. एका बैठकीला १२ वचनं आणि आठवड्याला चार बैठका धरल्या तर चौदा आठवड्यांत संपतं. तारखा घालायच्या नाहीत, पुस्तकखूण घालायची. मग रूथ (४ अध्याय, ८५ वचनं), मग फिलिप्पैकरांस पत्र (४ अध्याय, १०४ वचनं). लेवीय पुढे कधीतरी जरूर वाचा, पण इब्रीकरांस पत्रासोबत, म्हणजे याजक आणि रक्त कशासाठी ते उलगडतं.

भाषांतराचंही बघा. जुनं पवित्र शास्त्र उपासनेत ऐकायला भारदस्त लागतं. पण शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असेल तर घरी मोठ्याने वाचताना माणूस अडखळतो, आणि अडखळणारा माणूस वाचन टाळतो. मग कायम एकच जण वाचत राहतो, तोच अर्थ सांगायला लागतो. सोप्या मराठीतली प्रत घ्या.

तुमचा तिसरा प्रश्न खरं तर इथूनच सुरू होतो. क्रम असा ठेवा, एकूण बारा ते पंधरा मिनिटं: एक मिनिट गप्प बसणं, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या एखाद्या गीताचं एक कडवं (जास्त नाही, भाड्याच्या घराच्या भिंती पातळ असतात), एकाने १२ वचनं वाचणं, मग दोघांनी एकेक वाक्य: 'मला यात काय दिसलं' आणि 'मला काय कळलं नाही'. बस्स. त्यावर दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. नंतर प्रत्येकाने एक विनंती सांगायची आणि ती विनंती दुसऱ्याने देवापुढे मांडायची. शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, ठरलेल्या शब्दांची) एकत्र. आज वाचणाऱ्याने उद्या ऐकायचं.

उत्तर न देण्याचा नियम पहिला महिनाभर जड जातो, विशेषतः ज्याला शब्बाथ शाळेत (संडे स्कूलमध्ये) शिकवायची सवय आहे त्याला. तिला कळलं नाही असं वाक्य आलं की तोंड उघडावंसं वाटणारच. एका वहीत लिहा, रविवारी पाळकांना विचारा. कळलं नाही असं म्हणायची मुभा असते तिथेच माणूस पुन्हा बसतो.

आणि प्रार्थनेतून टोमणा मारायचा नाही. 'प्रभू, हिला सहनशीलता दे', 'बापा, यांना जबाबदारीची जाणीव दे' ही प्रार्थना देवाला उद्देशून असते, निशाणा मात्र शेजारी. दुसऱ्यासाठी मागताना त्याने स्वतः सांगितलेलीच विनंती मागायची.

---

सिस्टर_नाईटड्युटी

वरचं बरोबर आहे, त्यात ताईंच्या बाजूने भर घालते.

बारा तासांच्या नाईटनंतर डोळ्यांना अक्षरं नको असतात. त्या दिवशी वाचायला लावू नका, ऐकवा. मराठी बायबल ऐकवणारी मोफत ॲप आहेत, मार्काचा एखादा अध्याय पाच-सात मिनिटांत होतो. ऐकताना खुर्चीत बसा. पलंगावर टेकलात की तिसऱ्या वचनाला झोप लागते, मग उगाच अपराधी वाटतं. क्रमही ठरवा: घरी आल्यावर आंघोळ, चहा, प्रार्थना, झोप. चहाच्या आधी काहीच मागू नका.

वॉर्डात पेशंट दगावला असेल त्या दिवशी 'काय झालं सांग, आपण त्यावर प्रार्थना करू' असं लगेच विचारू नका. सांगायचं असेल तर ती सांगेल. अशा दिवसाला स्तोत्र १३०, आठच वचनं, आणि बोलणं बंद.

एक गोष्ट हमखास चुकते. मध्यस्थीसाठी, म्हणजे दुसऱ्यासाठी प्रार्थना करायला, पेशंटची माहिती घरी येते आणि तिथून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते: 'बेड नंबर अमुक, आडनाव तमुक, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, प्रार्थना करा.' हेतू चांगला असला तरी हा पेशंटचा विश्वासघात आहे आणि नर्सची नोकरीही जाऊ शकते. 'माझ्या वॉर्डातल्या एका आईसाठी' एवढं पुरे. घरच्या प्रार्थनेतसुद्धा एवढंच.

उपास: लेंथच्या (ईस्टरआधीच्या चाळीस) दिवसांत दोघांनी मिळून उपास करायचा उत्साह असतो. नाईटला उपाशीपोटी बारा तास उभं राहून औषधांचे डोस मोजणं पेशंटसाठी धोक्याचं आहे. यंत्रावर उभं राहणाऱ्यालाही तेच. उपास साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा, पाणी भरपूर प्या, आणि मधुमेह, ॲसिडिटी किंवा गरोदरपण असेल तर अन्नाचा उपास करूच नका. ड्युटीच्या दिवशी मोबाइलवरच्या रील्सचा उपास करा, पुष्कळांना तो अन्नापेक्षा अवघड जातो.

रविवारच्या ड्युटीचं: बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजनाचा रविवार महिन्यातून एकदा आणि ठरलेला असतो. चारही रविवार मागू नका, इनचार्ज देणार नाहीत. तो एकच रविवार मागा, लिस्ट लागायच्या आधी, म्हणजे गुरुवारपर्यंत, आणि अदलाबदलीला कोण तयार आहे तिचं नाव घेऊनच जा. गणपती-दिवाळीत स्वतःहून ड्युटी घेतली तर नाताळला सोडवणाऱ्या मैत्रिणी मिळतात. २५ डिसेंबरचं बोलणं दिवाळीतच करून ठेवायचं, डिसेंबरात नाही.

---

पापडीकर

मी कॅथलिक, वसईचा. तुम्ही सीएनआयचे, तरी दोन गोष्टी उपयोगी पडतील.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारची म्हणून धरली जाते, आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्याला ड्युटीमुळे येता आलं नाही तर त्याला पाप म्हणत नाहीत. तुमच्या मंडळीत हा नियम नसेल, पण शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळची उपासना असते का ते विचारा. ताईंची सकाळ ड्युटी २ ला सुटते, संध्याकाळी दोघं जाऊ शकता. तुम्ही एकट्याने जावं का? जावं. पण घरी येऊन प्रवचनाचा सारांश सांगू नका, वाचन कोणतं होतं तेवढं सांगा आणि तेच रात्री दोघांनी वाचा.

दुसरं, आमची रविवारची शुभवर्तमान-वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एका वर्षी प्रामुख्याने मत्तय, मग मार्क, मग लूक. योहान पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) जास्त येतो. फायदा असा की येत्या रविवारचं वाचन आधीच माहीत असतं. बुधवारी घरी ते वाचलं की रविवारी प्रवचन कानावरून जात नाही. तुमच्या पाळकांकडे अशी यादी असेल तर मागून घ्या. नसेल तर 'पुढच्या रविवारी कशावर बोलणार' एवढं विचारलं तरी चालतं. पाळकांना बरं वाटतं, हा वरचा फायदा.

उपासाबद्दल सिस्टरांशी सहमत. आमच्या कायद्यातही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असे दोनच सक्तीचे उपास आहेत, तेही १८ ते ५९ वयाच्या लोकांना, आणि एक पूर्ण जेवण चालतं. चाळीस दिवस निर्जळी वगैरे लोकांनी वाढवलेलं आहे.

नगरकरांचं एक मात्र पटलं नाही. ठरलेल्या शब्दांच्या प्रार्थनेला त्यांनी फक्त शेवटी जागा दिली. दमलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. आमच्याकडे रोझरीची (जपमाळेची) पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे गट, वीस मिनिटांत होतात, एक दशक चार मिनिटांत, आणि थकलेल्या दिवशी तोच आधार असतो. तुम्ही रोझरी म्हणणार नाही, पण स्तोत्र २३ किंवा १२१ दोघांनी तोंडपाठ करा. दिवे गेले, चष्मा सापडला नाही, डोकं चालत नाही, तरी म्हणता येतं.

---

नगरकर_उपासक

मान्य. पाठांतराला आमच्याकडे लहानपणी बक्षिसं असतात आणि लग्नानंतर कुणी विचारत नाही. दर महिन्याला एक छोटं स्तोत्र, आरोहणाच्या पंधरांतूनच घ्या.

---

चाकण_तिसरीपाळी

सर्वांचे आभार. पाळीच्या जोड्या फ्रिजवर लावल्या. आवाजी निरोपाचं तिलाही पटलं.

एक उपप्रश्न. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा असं इफिसकरांस पत्रात आहे, म्हणून भांडण झालं की मिटवल्याशिवाय झोपायचं नाही असा नियम केलाय. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजतात. हे बरोबर आहे का?

---

वर्गणी_खजिनदार

भांडणाचं बाकीचे सांगतील, मी पैशाचं सांगतो.

तुमचे आकडे जोडले. ५८,००० मधून भाडं, दोन्ही घरं, हप्ता, किराणा, प्रवास, फोन मिळून ४४,४०० जातात. उरतात १३,६००. हातातल्या पगाराचा दशमांश ५,८००. तो दिला तर ७,८०० उरतात, त्यात आजारपण, कपडे, आहेर आणि बचत. म्हणजे जमतं, पण काठावर. त्यामुळे 'परवडत नाही' हे उत्तर नाही आणि 'डोळे मिटून द्या' हेही नाही.

पूर्ण पगार की हातातला, याचं उत्तर शास्त्रात शोधू नका, तिथे पगारच नाही. दशमांश धान्याचा आणि कळपाचा होता, आणि एकाच प्रकारचा नव्हता: मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींसाठीचा (गणना १८), सणात सगळ्यांनी मिळून खाण्याचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठीचा (अनुवाद १४:२२-२९). नव्या करारात पौल टक्का सांगत नाही. तो सांगतो ते असं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा (१ करिंथ १६:२). नसेल त्यातून नाही, असेल त्यातून (२ करिंथ ८:१२). कुरकुरत नाही (९:७). हातातल्या पगारावर काढा, पीएफ कापलेला असतो तो पुढे मिळेल तेव्हा त्यावर बघा. हिशेब सोपा राहतो.

घरी पाठवलेले वजा करावेत का? नको. आणि उलटही नको: देवाला दिलं म्हणून आईबापांचे कमी करू नका. मार्क ७:९-१३ मधला 'कुर्बान' (देवाला वाहिलेलं) वाचा, येशूने तिथे नेमकं हेच ठोकलंय. दोन्ही खाती वेगळी ठेवा.

पण तुमचे आकडे बघून वाटतं की वाद दशमांशाचा नसावा. एका घरी ८,०००, दुसऱ्या घरी ४,०००. तुमच्या घरची गरज खरंच दुप्पट असेल तर ती दोघांनी मिळून ठरवलेली असावी, एकाच्या रिवाजाने चालत आलेली नसावी. हे आधी बोला, मग दशमांश. नाहीतर दर महिन्याला एका रकमेचा राग दुसऱ्या रकमेवर निघतो.

पद्धत अशी. पगार झाल्याच्या दिवशीच रक्कम वेगळी करा, महिनाअखेरीला उरेल त्यातून नाही. सुरुवातीला पूर्ण ५,८०० जमत नसतील तर ३,००० ठरवा आणि पगारवाढीच्या महिन्यात वाढवा, तारीख वहीत लिहून. त्यातले साधारण निम्मे मंडळीच्या मासिक वर्गणीला. उरलेल्यातून हंगामाचा सण (पिकाबद्दलच्या उपकारस्तुतीचा), नाताळ, आणि गरजूंसाठी थोडे हातात. हंगामाच्या सणात लिलावात भोपळा दोन हजाराला घेण्याचा जोश येतो, त्याची मर्यादा घरून ठरवून जा.

पावती दोघांच्या नावाने घ्या. कर वाचेल या हिशेबाने देऊ नका. निव्वळ धार्मिक संस्थेच्या देणगीला करातली सवलत बहुधा नसतेच, आणि नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर कधीच देऊ नका. आणि फोनवर 'हजाराचं बी पेरा, देव शंभरपट देईल' म्हणून क्यूआर कोड दाखवणाऱ्याला एक रुपयाही नाही. त्यात हिशेब कुणी विचारत नाही, मंडळीत निदान वार्षिक सभेत मला विचारतात, आणि चांगलंच विचारतात.

---

सिस्टर_नाईटड्युटी

रात्री दोनला मिटवलेलं भांडण सकाळी जास्त मोठं होऊन उठतं. झोप न झालेल्या मेंदूला शब्द मोजता येत नाहीत. हा नियम आजच काढा.

---

नगरकर_उपासक

हो. इफिस ४:२६ च्या पुढचं २७ वं वचन सोबत वाचा, तिथे कारण दिलंय: सैतानाला वाव मिळू नये. राग साठवू नका हा मुद्दा आहे. सूर्य मावळायच्या आत पंचनामा पूर्ण करा असा नाही. आणि तुमच्या पाळीत सूर्य कुणाचा कधी मावळतो हाही प्रश्नच आहे.

दमलेले असताना वाद पेटला तर दोघांपैकी कुणीही 'थांबूया' म्हणू शकतं, पण म्हणणाऱ्यानेच पुढची वेळ द्यायची, चोवीस तासांच्या आत: 'उद्या चहाला बोलू'. वेळ न देता थांबणं म्हणजे अबोला, आणि अबोलाच खरा साठवलेला राग. झोपण्याआधी इतकंच म्हणा: 'मी रागात आहे, पण आपण उद्या बोलणार आहोत.' त्या रात्री एकत्र प्रार्थना केली नाही तरी चालेल. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करून या असंच सांगितलंय. माफी मागायची टाळून गुडघे टेकणं ही पळवाट आहे.

बोलताना एका वेळी एकच विषय. 'तुमच्या घरचे' हे दोन शब्द त्या बैठकीत बंद. वचनांचा मारा बंद, आणि यात नवऱ्यांनी विशेष जपायचं: इफिस ५ वाचताना २२ पासून (बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं) सुरुवात करतात, २१ मध्ये दोघांनी एकमेकांच्या अधीन असण्याचं आहे ते गाळून. तसंच १ करिंथ ७:५. प्रार्थनेसाठी वेगळं राहायचं तर दोघांच्या संमतीने आणि ठराविक काळापुरतंच, असं तिथे आहे. म्हणजे प्रार्थनेचं निमित्त करून जोडीदाराला दूर ठेवणं पौलाला मान्य नाही, आणि तेच वचन दाखवून जबरदस्ती करणंही नाही, कारण शब्द संमतीचा आहे.

मत्तय १८:१५ प्रमाणे आधी दोघांतच बोला. आई, बहीण, घरचा ग्रुप नंतर. दोन-तीनदा बसूनही तोच विषय सुटत नसेल तर पाळक किंवा दोघांनाही चालेल असं एखादं वडीलधारं जोडपं. एका बाजूचे नातेवाईक नकोत. हे सगळं साध्या कुरबुरींसाठी आहे. हात उगारला जात असेल किंवा पगार काढून घेतला जात असेल तर 'सहन करा आणि प्रार्थना करा' हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

---

चाकण_तिसरीपाळी

८,००० आणि ४,००० चं खजिनदारांनी बरोबर पकडलं, तिने तोच परिच्छेद मला पुन्हा वाचायला लावला. रविवारी त्यावर बसतोय.

शेवटचं एक: पुढच्या महिन्यात आई पंधरा दिवस येतेय. तिची संध्याकाळची प्रार्थना पाऊण तासाची असते, सगळ्यांनी बसायचं. बायकोची त्यात दोन आठवडे दुपार ड्युटी.

---

पापडीकर

आईंची प्रार्थना चालू द्या, ती त्यांची आहे. तुम्ही घरी असाल त्या दिवशी बसा. ताई पावणेनऊला येतील तेव्हा त्यांच्यासाठी ती थांबवून ठेवू नका, आणि आल्याबरोबर बसवूही नका. आईंना तुम्हीच आधी फोनवर सांगा की सूनबाई आल्यावर जेवणार आणि मग आपण सगळे एक गीत आणि प्रभूची प्रार्थना म्हणणार. हे ताईंच्या तोंडून आईंच्या कानावर गेलं तर पंधरा दिवस खराब जातील. दोघांची बारा मिनिटं सकाळी, आई बाजारात किंवा शेजारी गेल्यावर.

---

वर्गणी_खजिनदार

एक राहिलं. मोशीत राहताय तर सभासदत्वाचं पत्र आणलंय का? तुमचं गावच्या मंडळीतून, त्यांचं जालन्याच्या मंडळीतून, दोन वेगळी पत्रं लागतात. लग्नाच्या दाखल्यावर भागत नाही. नुसतं रविवारी येऊन बसलात तर नोंद पाहुणे म्हणूनच राहते, अनेक मंडळ्यांत मतदार यादीत नाव येत नाही, आणि पुढे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धावपळ होते. आई येताना तुमचं पत्र घेऊन येऊ शकतात. अर्जात नाव, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख, लग्नाची तारीख, जुनी वर्गणी कुठपर्यंत भरली ते, आणि कोणत्या मंडळीत जाणार तिचं पूर्ण नाव लिहा. जुनी वर्गणी थकली असेल तर आधी ती भरा, पत्र लवकर मिळतं.